त्रास न देणारी मुलगी

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला, घरोघर जाऊन शिकवणाऱ्या फिरत्या बाई तिसऱ्या मजल्यावर पोचल्या, तेव्हा नेहमीप्रमाणे त्यांच्यात बोलायला दम उरला नव्हता. दारातल्या स्टुलावर बसून त्यांनी दोन मिनिटं नुसता श्वास घेतला. मुंगीच्या आईने शिलाई मशीन थांबवून पाण्याचा पेला पुढे केला. मुंगीला मात्र एवढा धीर नव्हता. जिन्यावरची पावलं तिला ऐकू येत नसत आणि बाईंचा चेहरा तिला दिसत नसे, तरी फरशीला बसलेला हादरा तिच्या तळपायांना कळायचा. भिंतीच्या कडेकडेने चाचपडत ती आली, बाईंचं मनगट शोधलं आणि त्यावरचं जाड रबरी कडं दोनदा ओढलं. ते कडं म्हणजे बाई. दुसऱ्या कोणाच्या हातात ते नव्हतं.

"आल्या का भांड्यांचं दुकान घेऊन?" आतल्या खोलीतून आजोबांनी विचारलं. बाईंच्या थैल्यातून चमचे, वाट्या, ब्रश, दोऱ्या असं काय काय निघायचं, त्यावरून ही नेहमीची थट्टा.

"आजोबा, तुमच्या नातीला घाऊक माल लागतो," बाई म्हणाल्या.

मुंगी सात वर्षांची. जन्मापासून डोळ्यांना उजेड-अंधार एवढाच फरक कळायचा आणि कानांना जवळजवळ काहीच नाही. खरं नाव कागदोपत्री होतं. घरात, जिन्यात आणि खालच्या दुकानात ती मुंगीच, कारण चालायला लागल्यापासून ती भिंत सोडायची नाही आणि वाटेत येईल ते बोटांनी तपासल्याशिवाय पुढे सरकायची नाही.

बाई या घरात यायला लागल्या त्याला अकरा महिने झाले होते. त्याआधी मुंगीच्या आईवडिलांनी दोन शाळांचे उंबरे झिजवले होते. अंधांच्या शाळेत सांगितलं, आमच्याकडे सगळं बोलून शिकवतात, हिला ऐकू येत नाही, कर्णबधिरांच्या शाळेत न्या. कर्णबधिरांच्या शाळेत सांगितलं, आमच्याकडे सगळं खुणा करून शिकवतात, हिला दिसत नाही, अंधांच्या शाळेत न्या. दोन्हीकडची माणसं सभ्य होती. खुर्ची दिली, पाणी विचारलं. मुलाचं एका वेळी एकच काहीतरी कमी असावं अशी त्यांची माफक अपेक्षा होती, आणि मुंगीने तेवढंही पाळलं नव्हतं. पाच वर्षांची मुलगी घरात बसून सहा वर्षांची झाली. त्यापायी त्या दोन शाळांतल्या एकाही माणसाची झोप उडाली असेल असं मला वाटत नाही.

बाईंची शिकवायची रीत अशी की त्या मुंगीचा हात कधी धरायच्या नाहीत. आपला हात तिच्या हाताखाली ठेवायच्या आणि वस्तूपर्यंत न्यायच्या. "वरून धरला की तो आपल्या ताब्यात जातो," त्या आईला सांगायच्या. "खाली आपला हात ठेवला की तिचा तिच्याकडे राहतो. नको वाटलं तर तिला काढून घेता आला पाहिजे." मशीनशेजारच्या फळीवर त्यांनी तीन वस्तू मांडल्या होत्या. चमचा म्हणजे जेवण, टॉवेलचा तुकडा म्हणजे अंघोळ आणि जुनी किल्ली म्हणजे बाहेर जाणं. प्रत्येक वेळी आधी वस्तू हातात द्यायची आणि मग ते काम करायचं. सात महिने काहीही झालं नाही. आई शाळेचे गणवेश शिवता शिवता उठायची, चमचा द्यायची, भरवायची आणि मनात म्हणायची की हे सगळं भिंतीशी बोलणं आहे. आठव्या महिन्यात एका दुपारी मुंगी आपणहून फळीपाशी गेली आणि किल्ली आणून आईच्या मांडीवर ठेवली. एक बाही मशीनखाली अर्धी तशीच राहिली आणि दोघी चौकापर्यंत जाऊन आल्या. त्यानंतर दिवसातून सहा-सहा वेळा किल्ली मांडीवर यायला लागली आणि गणवेश उशिरा जायला लागले. गेल्या महिन्यात तर मुंगी बोटांची टोकं एकमेकांवर टेकवून 'अजून' म्हणायलाही शिकली होती.

आता बाईंच्या केंद्रात अशा मुलांचा पहिलाच वर्ग निघणार होता. जागा सहा, अर्ज एकोणीस. दुसऱ्या दिवशी सरकारी कचेरीतले तपासनीस घरी येऊन मुंगीला बघणार होते. अहवालात 'प्रतिसाद आहे' असं आलं तर वर्ग. नाही आलं तर वर्ग तर नाहीच, बाईंचं येणंही बंद, कारण प्रतिसाद नसलेल्या मुलाकडे शिक्षक पाठवायचा नाही असा नियम. आणि शिकवणाऱ्या बाईंनी तपासणीला हजर राहायचं नाही, हाही नियम. ज्या एका माणसाला मुलीचं बोलणं कळतं, त्याला बाहेर ठेवलं की तपासणी निःपक्षपाती होते म्हणे.

"घाबरू नका," बाईंनी जाताना सांगितलं. "फळी जागेवर राहू द्या. तिला आधी साहेबांना चाचपू द्या, मगच ती काही करेल. आणि साहेब घाई करायला लागले तर तुम्ही बोला. तुम्हाला येतं सगळं."

एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही, कारण ती त्यांना माहीतच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मुंगीचे बाबा ज्या छापखान्यात कामाला आहेत, तिथल्या मालकीणबाई घरी आल्या होत्या. नवा वास आला म्हणून मुंगी त्यांच्यापाशी गेली. तिने त्यांचा चष्मा काढला, गालावरून हात फिरवला आणि ओठांत बोट घातलं. मालकीणबाईंनी उठून बेसिनवर तोंड धुतलं, "असू दे, लहान आहे," म्हणाल्या आणि चहा न घेताच गेल्या. आजोबांना ते फार लागलं. आजोबा दुष्ट नव्हते, हे इथेच सांगते. नातीला मांडीवर घेऊन ते तासन्‌तास बसायचे, तिच्या केसांतला गुंता त्यांच्याइतक्या हलक्या हाताने कोणी सोडवत नसे. "पाहुण्यांपुढे तिचे हात आवरत जा," एवढंच ते म्हणाले. आईने त्याच संध्याकाळी मुंगीच्या हातांसाठी मऊ फ्लॅनेलच्या दोन खोळी शिवल्या. आतून टोचू नये म्हणून शिवणीची कड बाहेरच्या बाजूला ठेवली. मनगटाशी नाडी घातली, फार घट्ट नाही. शेजारणींनी हातात घेऊन कौतुक केलं की किती सुबक. सुरुवातीला मुंगीने त्या दातांनी ओढल्या, रडली, डोकं आपटलं. मग सोडून दिलं. पाहुणा आला की खोळी चढायच्या आणि मुंगी कोपऱ्यात गप्प बसायची. पाहुणे म्हणायचे, किती शहाणी आहे हो, अजिबात त्रास देत नाही. आजोबांना ते ऐकून बरं वाटायचं. खरं बोलायचं तर आईलाही वाटायचं.

बाई काही पाहुण्या नव्हत्या, त्यामुळे त्या येत तेव्हा खोळी मशीनच्या खणात असायच्या. आईने त्या लपवल्या होत्या असं नाही, पण दाखवल्याही नव्हत्या.

बुधवारी तपासनीस साडेअकराला यायचे होते. अकराला आजोबा म्हणाले, "सूनबाई, मुंगीला तयार करा." आईने तिची वेणी घातली, धुतलेला फ्रॉक चढवला आणि तिचा हात सवयीने खणाकडे गेला. साहेब म्हणजे पाहुणा आणि पाहुण्यापुढे खोळी. यात ठरवण्यासारखं तिला काही वाटलं नाही. खोळीचं कापड बोटांना लागलं तसे मुंगीने दोन्ही हात स्वतःच पुढे केले.

तपासनीस चाळिशीचे, घामाघूम झालेले. त्यांचं दिवसातलं हे चौथं घर होतं. मुंगीसमोर खुर्ची ओढून ते बसले आणि त्यांनी छापील फॉर्म काढला. "हे काय घातलंय हातात?" त्यांनी विचारलं.

"हात लावते हो सगळ्यांना," आजोबा म्हणाले. "तोंडात बोटं काय घालते, कपडे काय ओढते. तुम्हाला उगाच नको."

"बरं, बरं. राहू द्या मग," साहेब म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची जराशी पुढे घेतली. त्यांना बरंच वाटलं असणार.

आईचा हात नाडीपर्यंत गेला होता. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. "चहाचं बघा जरा," ते म्हणाले. ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली.

साहेबांनी मुंगीच्या मागे टाळी वाजवली. डोळ्यांपुढे टॉर्च धरला. फळीवरचा चमचा तिच्या मांडीवर ठेवला, तो खोळीवरून घसरून खाली पडला. किल्ली ठेवली, तीही पडली. ती उचलून परत ठेवायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. मग त्यांनी थैलीतून एक बॅटरीवर चालणारी घंटी काढली आणि फॉर्ममध्ये लिहिलं होतं म्हणून मुंगीच्या गुडघ्यावर ठेवून वाजवली. गुडघ्याला थरथर कळली तशी मुंगीची मान वर आली. साहेब फॉर्मवर खूण करत होते. घंटी थांबली. मुंगीने दोन्ही खोळी एकमेकींवर टेकवल्या, एकदा, दोनदा, मग भराभर.

दारात उभ्या असलेल्या आईला त्या कापडाच्या आतली बोटं दिसल्यासारखी झाली. अजून म्हणतेय ती, अजून वाजवा म्हणतेय. आई एक पाऊल पुढे आली, पण आजोबा साहेबांना सांगत होते की पोरगी फार गुणाची, दिवसभर बसवा, हूं की चूं नाही. साहेबांसमोर, सासऱ्यांचं बोलणं तोडून, आपण काय बोलायचं? आणि बोलायचं तर त्या खोळींचं काय सांगायचं? तेवढ्यात साहेबांनी घंटी थैलीत टाकली.

"शांत आहे मुलगी," ते उठत म्हणाले.

"अजिबात त्रास देत नाही," आजोबा म्हणाले.

पत्र नवव्या दिवशी आलं. 'मुलगी शांत. ध्वनी, प्रकाश व वस्तू यांना प्रतिसाद आढळला नाही. हातांच्या निरर्थक हालचाली. वर्गासाठी शिफारस नाही. गृहसेवा बंद करण्यात यावी.' त्याच शुक्रवारी बाई आल्या त्या पाणी न पिताच बोलायला लागल्या. "असं होईलच कसं? हातांच्या हालचाली निरर्थक? काय करत होती ती हातांनी?"

आईने खण उघडला आणि खोळी त्यांच्या मांडीवर ठेवल्या.

बाईंनी एक खोळ उचलली, आत हात घालून पाहिला. "कधीपासून?"

"दोन वर्षं. फक्त पाहुणे आले की."

"या पोरीचे डोळे, कान, जीभ, सगळं या दहा बोटांत आहे," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाच्या पोरीचं तोंड बांधून तिला साहेबांपुढे बसवलं असतं का तुम्ही?" त्यांचा आवाज चढला होता. मग त्या स्वतःवरच चिडल्या. "आणि मी अकरा महिने या घरात येतेय. खणात काय आहे ते मला कळलं नाही. एकोणीस घरं करते मी, आता सगळ्यांचे खण बघायचे का?"

फेरतपासणीसाठी अर्ज करता येत होता, सात दिवसांत, कारण लिहून. संध्याकाळी मुंगीचे बाबा कामावरून आले आणि तो कोरा अर्ज मधे ठेवून तिघं बसले.

"कारणात ताप लिहू," बाबा म्हणाले. "त्या दिवशी ताप होता. खालच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणतो."

"ताप नव्हता," आई म्हणाली.

"मग काय लिहायचं? आम्ही आमच्या पोरीचे हात बांधले, असं? मालकीणबाईंच्या कानावर गेलं तर?"

"मालकीणबाईंसाठीच तर बांधले ना, अहो."

आजोबांनी अर्ज डोळ्यांपाशी नेला. ते कचेरीतूनच निवृत्त झालेले. "चाळीस वर्षं मी लोकांचे अर्ज तपासले," ते म्हणाले. "असलं कारण एकाही अर्जात पाहिलं नाही मी."

"कोणी लिहिलं नसेल, मामंजी," आई म्हणाली. "झालं नसेल असं नाही." सासऱ्यांना उलट बोलण्याची तिची ही पहिलीच वेळ. "ताप लिहिला तर पुढच्या वेळी साहेब येतील आणि आपण पुन्हा हेच करू. मला माझी खात्री नाही. त्या दिवशी मी काही विचार केला नव्हता, हात आपोआप खणाकडे गेला. लिहिलं म्हणजे मला परत ते करता येणार नाही."

"मी यावर सही करणार नाही," बाबा म्हणाले. आजोबा अर्ज खाली ठेवून आत गेले.

सोमवारी तिने मशीनवर कापड टाकून ठेवलं, किल्ली मुंगीच्या हातात दिली आणि दोघी कचेरीत गेल्या. लांबट खोली, टेबलांवर फायलींचे ढीग, एका खिडकीशी कारकून बाई. त्यांनी अर्ज वाचला आणि पुन्हा वाचला. 'तपासणीच्या वेळी मुलीचे हात आम्ही कापडाच्या खोळींत बांधून ठेवले होते. खोळी मी शिवल्या. मुलगी हातांनीच बोलते.' खाली आईची सही.

"असं कारण चालत नाही हो," कारकून बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी टेबलाच्या काचेखालची छापील यादी दाखवली. आजार, प्रवास, घरातला मृत्यू, पत्त्यातली चूक, पूर किंवा आग. "यातलं एक सांगा, मी लगेच घालते."

"यातलं नाही."

"मग 'इतर'मध्ये घातलं असतं, पण 'इतर' या वर्षीपासून काढलंय."

मुंगी आईचा हात सोडून टेबलाच्या कडेकडेने निघाली होती. टेबल संपलं तिथे आतल्या खोलीतून बाहेर येणाऱ्या माणसाचं पोट लागलं. ते तपासनीसच होते. त्यांनी मुंगीला ओळखलं आणि एक पाऊल मागे घेतलं. आईचा हात तिला ओढायला पुढे झाला, पण तिने तो आवरला.

"साहेब, जरा बसा," ती म्हणाली. "तुम्ही तिला बघून गेलात. तिला तुम्हाला बघायचं राहिलं होतं."

खोलीतली चार-पाच माणसं पाहत होती. साहेब खुर्चीवर बसले. मुंगीने त्यांची कॉलर तपासली, खिशातलं पेन काढलं, त्याचा वास घेतला आणि जागच्या जागी ठेवलं. मग हनुवटीवरून तिची बोटं खाली उतरली. "हे बघा, बाई, नियमाप्रमाणे..." साहेब बोलायला लागले आणि मुंगीची बोटं त्यांच्या गळ्यावर थांबली. साहेब गप्प झाले. तिने वाट पाहिली. मग एका बोटाने त्यांचा गळा दोनदा ठोठावला.

"काय करतेय ही?"

"बोला म्हणतेय. थांबू नका."

काय बोलावं ते साहेबांना सुचेना. हातात फॉर्म होता, तोच ते मोठ्याने वाचायला लागले. "आवाजाकडे लक्ष जातं का? वस्तू ओळखते का? आपली गरज दुसऱ्याला सांगू शकते का?" मुंगी तोंड उघडं टाकून, दोन्ही तळवे त्यांच्या गळ्याला लावून ऐकत होती. तिसऱ्या प्रश्नानंतर ते थांबले. तिने पुन्हा ठोठावलं. कारकून बाईंनी मान खाली घातली.

साहेब उठले. "मला कळलं," ते म्हणाले. "पण असं करा, कारणात ताप लिहा. पुढच्या आठवड्यात मी स्वतः येतो, प्रकरण मिटतं. हे जे तुम्ही लिहिलंय ते समितीपुढे जाईल. महिने लागतील. वर्गाच्या दोनच जागा उरल्यात."

आता सांगा, कोणी काय करावं? मुलीची जागा समोर दिसत होती, आणि त्यासाठी ताप हा एकच शब्द लिहायचा होता. आईने पेन घेतलंही. अर्ज पुढे ओढला. आपणच लिहिलेल्या ओळी पुन्हा वाचल्या, आणि मागच्या रांगेतल्या एका बाईने उसासा टाकला.

"साहेब, त्या दिवशी तुम्ही चार घरं केलीत," आई शेवटी म्हणाली. "त्यातली शांत मुलं किती होती?"

बहुतेक ते मोजत होते.

"मी ताप लिहिला तर त्या घरांत तुम्ही परत जाणार नाही," ती म्हणाली, आणि पेन कारकून बाईंपुढे ठेवलं. "यादीत हे कारण नसेल तर लिहून घ्या. आमचं एकच घर नसणार."

कारकून बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली, होकारार्थी की थकून, ते कळलं नाही. बाईंनी काच उचलली, यादी बाहेर काढली आणि पाचव्या कारणाखाली निळ्या शाईने सहावं कारण लिहिलं.

समितीला चार महिने लागले. तोवर सहाच्या सहा जागा भरल्या. फिरत्या बाई पुन्हा यायला लागल्या आहेत आणि मुंगीचं नाव प्रतीक्षायादीत दुसरं आहे. आजोबा सुनेशी अजून धड बोलत नाहीत. त्या यादीतल्या सहाव्या कारणावर आजपर्यंत आणखी अकरा अर्ज आले आहेत.